छाया, पंख आणि अलौकिक : सातारा-सांगलीची कलाभूमी आणि दादासाहेब फाळके यांचे छायाचित्रण

प्रस्तावना

भुताला सावली नसते, त्याचे पाय उलटे असतात, अशी समजूत कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. मराठीत फोटोसाठी जो शब्द रूढ झाला तो मात्र ‘छायाचित्र’ असा आहे. ज्याची छायाच पडत नाही त्याचे छायाचित्र कसे घ्यावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा खेळ वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरा महाराष्ट्रात रुळू लागला, तेव्हापासून कलावंत, प्रेक्षक आणि समाजसुधारक या तिघांनाही या प्रश्नाला वेगवेगळ्या रूपांत सामोरे जावे लागले आहे. कॅमेऱ्यासमोर जे असते तेच काचेवर उमटते, अशी त्याची ख्याती होती. अशा साक्षीदाराने उडणारा हनुमान दाखवला, तर पाहणाऱ्याने तो पुरावा मानावा की कला मानावी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी केंद्रस्थानी घेतले आहेत ते धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०-१९४४). फाळके त्र्यंबकेश्वरचे, सातारा-सांगलीशी त्यांचा थेट ऋणानुबंध येथे सुचवावयाचा नाही. मात्र देव-दानवांना, पंख असलेल्या आणि पंखांशिवाय उडणाऱ्या प्राण्यांना डोळ्यांसमोर उभे करण्याची जी मराठी दृष्टी त्यांच्या प्रेक्षकांपाशी आधीच तयार होती, तिच्या घडणीत सांगलीच्या रंगभूमीचा आणि पुढे औंधच्या चित्रशाळेचा वाटा मोठा आहे. त्याचप्रमाणे अलौकिकाच्या दाव्यांची चिकित्सा करणारी चळवळही याच मातीत वाढली. म्हणून हे दोन जिल्हे या विवेचनाची पार्श्वभूमी ठरतात.

पंख कोणाला असतात?

लोकसमजुतींकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. मराठी मुलखातील भुतेखेते सहसा पंखांची नसतात. वेताळ आपल्या गणांसह अमावास्येला पालखीतून फिरतो. मुंजा पिंपळावर बसतो. हडळ उलट्या पावलांनी चालते. चकवा माणसाला रात्रभर एकाच माळावर फिरवतो. नदीच्या डोहाकाठी शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या साती आसरा या मूळच्या अप्सरा. ‘आसरा’ हा शब्दच त्यावरून आला. त्या आकाशगामी असूनही त्यांना पंख दिलेले आढळत नाहीत. पाठीवर फुलपाखराचे पंख असलेली नाजूक परी आपल्या बालवाङ्मयात आली ती फारसी कथा आणि इंग्रजी चित्रे यांच्या वाटेने.

पंख आहेत ते देवांच्या वाहनांना आणि पुराणांतील पक्ष्यांना. विष्णूच्या मंदिरासमोर हात जोडून गुडघ्यावर बसलेला गरुड, सीतेसाठी प्राण वेचणारा जटायू, सूर्याच्या तेजाने पंख जळालेला संपाती. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला दुतोंडी गंडभेरुंडही याच कुळातला; तो मात्र भीती घालण्यासाठी नसून सामर्थ्याचे चिन्ह म्हणून तेथे आहे.

मग पंखांची भीती कोठे आहे? ती आहे खऱ्याखुऱ्या पक्ष्यांच्या ठायी. रात्री टिटवी ओरडत गेली की कोणाच्या तरी घरी अशुभ घडणार, असे मानले जाते. घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेते, पाण्यात उगाळत बसते आणि दगड झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजत जातो, ही समजूत प्रस्तुत लेखकाने बालपणी अनेकदा ऐकलेली आहे. (तिचा एक फायदा असा की आमच्या आळीतील घुबडांना कोणी कधी दगड मारला नाही.) पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी हा तर त्या चिमुकल्या घुबडाचेच नाव धारण करतो, आणि पिंगळा पक्ष्याने आपल्याला भविष्य सांगितले आहे असे म्हणून दान मागतो. थोडक्यात, आपल्याकडे पक्षी हा स्वतः भूत नसून निरोप्या आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक घटना तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. वेस्ट व्हर्जिनियातील पॉइंट प्लेझंट या गावाजवळ नोव्हेंबर १९६६ मध्ये काही तरुणांनी लाल डोळ्यांचा, पंख असलेला माणसाएवढा प्राणी पाहिल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी त्याला ‘मॉथमॅन’ हे नाव दिले. पुढे १५ डिसेंबर १९६७ रोजी तेथील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा लोकांनी त्या प्राण्याचा संबंध अपघाताशी जोडला. पुलाच्या लोखंडी साखळीतील एका दुव्याला गेलेला तडा हे अपघाताचे खरे कारण होते, आणि तो प्राणी म्हणजे मोठे घुबड किंवा वाट चुकलेला करकोचा असावा असे जाणकारांचे मत पडले. आज तेथे त्याचा पुतळा आहे, दरवर्षी उत्सव भरतो, आणि छायाचित्रकार त्या कथेवर आपापल्या कल्पनेची चित्रे रचतात. टिटवी ओरडली आणि अनर्थ घडला, ही आपल्याकडील जोडणी आणि ही जोडणी यांत तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो त्या पक्ष्याला मिळालेल्या प्रसिद्धीचा.

सांगली आणि औंध : अलौकिक डोळ्यांपुढे आणण्याची परंपरा

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. भावे यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई, गणपतीचे आगमन होई, आणि मग सरस्वती मोरावर बसून नाचत येई. हा मोर नटाच्या कमरेला बांधलेला असे. पाय नटाचे आणि पिसारा मोराचा. मराठी प्रेक्षकाने रंगमंचावर पाहिलेल्या सुरुवातीच्या पंखधारी जीवांपैकी हा एक म्हणता येईल. राक्षस आरोळ्या ठोकत येत, आणि त्या आरोळ्यांवरूनच पुढच्या टीकाकारांनी अशा नाटकांना ‘अलल्डुर्र’ नाटके असे उपहासाने म्हटले. भावे यांनी कळसूत्री बाहुल्यांचाही मोठा संच घडवला होता, आणि तो पुढील पिढ्यांनी जतन केला.

या प्रयोगांकडे भाबडेपणाचा नमुना म्हणून पाहण्याची आपल्या नाट्येतिहासात एक रीत पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. कमरेला बांधलेला मोर खरा नाही, हे सांगलीच्या प्रेक्षकाला पक्के ठाऊक होते. तरीही सरस्वती आली की तो हात जोडत होता. दिसणे आणि मानणे या दोन गोष्टी तो एकाच वेळी, एकमेकींत न मिसळता करू शकत होता. पुढे पडद्यावर राम दिसताच पायांतील वहाणा काढून ठेवणारा प्रेक्षक याच शिक्षणातून आला होता.

दुसरे केंद्र औंधचे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले हे गाव एका छोट्या संस्थानाची राजधानी होते, आणि त्या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी ही आज सांगली जिल्ह्यात असलेली गावे तेव्हा औंधच्या अमलाखाली होती. येथील अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांची ओळख अधिक आहे, परंतु कलेच्या दृष्टीने त्यांचे चिरस्थायी कार्य म्हणजे १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेले श्रीभवानी संग्रहालय होय. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतच्या कृती त्या डोंगरावर एकत्र पाहावयास मिळतात. विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले असता ती मुले पौराणिक चित्रांपुढे अधिक वेळ थांबतात आणि चित्रातील गोष्ट एकमेकांना सांगू लागतात, असा अनुभव आहे.

या औंधमध्ये १९१८ साली पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७-१९६८) येऊन स्थायिक झाले. वेदांचे भाष्यकार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मात्र ते मूळचे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार होते, आणि औंधला येण्यापूर्वी लाहोरमध्ये त्यांनी चित्रकला व छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवला होता, याचा उल्लेख क्वचितच होतो. एकाच माणसाने कॅमेरा हाताळावा आणि वेदांतील ‘सुपर्ण’ या पंखधारी रूपकाचा अर्थही उलगडावा, हे औंधसारख्या ठिकाणीच शोभावे. त्यांच्याकडे लाहोरला जाऊन चित्रकला शिकणारे एक तरुण म्हणजे शंकरराव किर्लोस्कर. त्यांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने गाजलेल्या त्या मासिकाने धर्मभोळेपणावर सातत्याने प्रहार केले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तेथूनच वाचकांपर्यंत गेले. म्हणजे पुराणांतील देवांची चित्रे रंगवणारा राजा आणि चमत्कारांची खिल्ली उडवणारे संपादक एकाच संस्थानात सुखाने नांदत होते. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. चित्रातील चमत्काराला बाळासाहेबांनी चित्रच मानले, आणि शंकररावांचा रोख होता तो व्यवहारातील चमत्कारावर.

औंध संस्थानच्या या वातावरणात वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी १९५५-५६ मध्ये आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहिले, आणि त्यात जखमी जटायूला स्वतःचे गीत दिले, हा धागाही येथे नोंदवून पुढे जातो.

फाळके यांची उड्डाणे

फाळके हे चित्रपटकार होण्यापूर्वी छायाचित्रकार होते, ही बाब त्यांच्या चित्रपटांविषयी बोलताना मागे पडते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि नंतर बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण, ठसे घडवणे आणि मुद्रण यांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, परंतु प्लेगमध्ये पत्नी व मूल दगावल्याने ते गाव सोडले. बडोद्यात पुन्हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो, फोटो काढल्याने आयुष्य घटते, या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. अलौकिकाविषयीच्या लोकसमजुतींशी त्यांची पहिली गाठ पडली ती अशी. कॅमेरा हेच तेव्हा भूत होते! पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि त्यानंतर लोणावळ्याच्या परिसरात रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम, असा त्यांचा प्रवास झाला. घराघरांत पोहोचलेल्या गरुडारूढ विष्णूच्या आणि जटायूच्या छापील चित्रांची तांत्रिक बाजू त्यांनी या काळात जवळून पाहिली.

याच्या जोडीला त्यांना जादूचा नाद होता. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले, आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोग केले. जादूगार आणि छायाचित्रकार हे दोन पेशे एका देहात एकत्र येणे ही पुढील सर्व गोष्टींची किल्ली आहे.

१९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळके यांनी प्रथम देव-दानवांचे चित्रण केले नाही. त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली. पडद्यावर ती चित्रे सलग दिसली, तेव्हा डोळ्यांसमोर अंकुर फुटून वेल वर चढू लागला. हा चमत्कार होता, पण तो निसर्गाचाच. कॅमेऱ्याने फक्त वेळ आकसून दाखवला होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’.

‘लंकादहन’ १९१७ मध्ये आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. प्रेक्षकांची झुंबड उडाली ती मात्र उडणाऱ्या हनुमानासाठी. हनुमान आकाशात झेपावतो आणि लहान होत होत ठिपक्याएवढा होतो. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) या चित्रपटाच्या उपलब्ध भागात कंसाला भास होतात आणि त्याचे शिर धडावेगळे होऊन वर जाते. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारला आणि डोहातील नागाशी झुंज दाखवली गेली. नागांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते सांगणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या भागातील माणसाला हे दृश्य किती जवळचे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

त्या काळातील अशा युक्त्यांमागील तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. काळ्या पडद्याचा प्रकाश फिल्मवर उमटत नाही. त्यामुळे काळ्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करावयाचे, फिल्म मागे फिरवावयाची, आणि तिच्यावरच पुन्हा आकाशाचे वा डोंगराचे चित्रण करावयाचे. दोन वेगळ्या वेळांचे प्रकाश एकाच पट्टीवर येतात आणि एकच दृश्य होते. कॅमेरा मध्येच थांबवून समोरची वस्तू बदलली, तर पडद्यावर ती अकस्मात प्रकट होते किंवा नाहीशी होते. हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्यावर हे साधण्यासाठी फेऱ्यांचा हिशेब अचूक ठेवावा लागे, आणि एक चूक झाली की संपूर्ण पट्टी वाया जाई. हनुमानाला पंख नाहीत, हेही येथे लक्षात घ्यावे. पंख असते तर त्यांची फडफड खोटी पडण्याचा धोका होता. आपल्या पुराणाने नायकाला पंखांशिवाय उडवले, आणि त्यामुळे छायाचित्रकाराचे काम काहीसे सुकर झाले, असे म्हणावेसे वाटते.

शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. त्यांची वाट वास्तवाच्या आभासाची होती. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर आक्षेप आले. या वाटेविषयी स्वतंत्र विवेचन करणे अधिक इष्ट ठरेल.

तीच युक्ती, दोन हेतू

‘लंकादहन’ ज्या वर्षी आला, त्याच वर्षी, १९१७ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधील कॉटिंग्ली या खेड्यात एल्सी राइट आणि फ्रान्सेस ग्रिफिथ्स या सोळा व नऊ वर्षांच्या दोन मुलींनी ओढ्याकाठी पंख असलेल्या पऱ्यांची छायाचित्रे घेतली. पुस्तकातील चित्रांवरून कागदी पऱ्या काढून, कापून त्या टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या होत्या. शेरलॉक होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉइल यांनी १९२० मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात ती छायाचित्रे खरी म्हणून प्रसिद्ध केली, आणि १९२२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. महायुद्धात मुले गमावलेल्या एका पिढीला परलोकाचा पुरावा हवा होता, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या दोघींनी आपली करामत उघडपणे मान्य केली ती १९८३ मध्ये, म्हातारपणी. त्याच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकात, विल्यम मम्लर या अमेरिकन छायाचित्रकाराने दुहेरी चित्रणाने मृतांचे ‘आत्मे’ नातेवाइकांच्या पाठीशी उमटवून पैसे मिळवले होते. १८६९ मध्ये त्याच्यावर न्यूयॉर्कमध्ये खटला झाला आणि पुराव्याअभावी तो सुटला.

मम्लरची दुहेरी चित्रणाची युक्ती आणि फाळके यांची युक्ती तांत्रिकदृष्ट्या एकच आहे. मग एकाला आपण फसवणूक आणि दुसऱ्याला कला का म्हणतो? प्रेक्षक भाबडा होता की शहाणा, यावर उत्तर ठरत नाही. वहाणा काढणारा प्रेक्षक फाळके यांच्याकडेही होता. उत्तर दडले आहे ते करणाऱ्याच्या वागण्यात. मम्लरने आपली काच कशी तयार होते हे झाकून ठेवले. फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून आपल्या धंद्याची हकिकत वाचकांपुढे मांडली, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही काढला.

हा निकष पुढे साताऱ्यातच अधिक धारदार झालेला दिसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३) यांचा जन्म साताऱ्याचा, महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेत. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या माध्यमातून त्यांनी जे काम केले, त्यात कार्यकर्ते गावोगावी बुवांचे ‘चमत्कार’ स्वतः करून दाखवत आणि लगेच त्यांमागील रसायन वा हातचलाखी उलगडून सांगत. आधी करून दाखवणे आणि मग उलगडणे, हा क्रम प्रोफेसर केळफांनाही अनोळखी वाटला नसता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. चमत्काराची उकल करणे हे केवळ करमणुकीचे काम नाही, त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको.

या चर्चेत पक्ष्यांचा प्रश्न उरतोच. गव्हाणी घुबडाची पिल्ले पांढरट, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याची आणि ताठ उभी राहणारी असतात; २०१७ मध्ये विशाखापट्टणम येथील एका इमारतीत सापडलेल्या अशा पिल्लांचे चित्रण ‘परग्रहवासी’ म्हणून जगभर फिरले. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि मम्लरला लागत असे त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या श्रमात कोणीही पंखांचे भूत तयार करू शकतो. अमावास्येच्या पूजेसाठी घुबडे मारली जातात, हे वास्तव या चित्रांच्या दुसऱ्या टोकाला आहे. २०१८ मध्ये इला फाउंडेशनने पुणे जिल्ह्यातील पिंगोरी येथे घुबडांचा उत्सव भरवला, त्यामागे ही भीती घालवण्याचाच हेतू होता. तेथे मुलांनी घुबडांची चित्रे काढली, कविता केल्या. दगड उगाळणाऱ्या घुबडाची गोष्ट त्यांना सांगू नये असे मात्र प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. गोष्ट सांगावी, आणि घुबड रात्रीतून किती उंदीर खाते तेही सांगावे.

फाळके यांच्या त्या छोट्या चित्रपटाचे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. त्यांत ते नटांना हातवारे करून सूचना देताना दिसतात, आणि नंतर फिल्मची पट्टी हातात घेऊन ती तपासत, कापत बसलेले दिसतात. ‘लंकादहन’मध्ये हनुमानाला आकाशात नेले ते याच हातांनी.